टाळेबंदी आणि तहकुबी

टाळेबंदी हा शब्द २०२० साली टीव्हीवाल्यांनी नुकताच जन्मल्यासारखा वापरला. गिरणीत काम करणाऱ्याला तो जुना आहे. मालक फाटकाला कुलूप घालतो, नोटीस चिकटवतो, उद्यापासून येऊ नका म्हणतो, ती टाळेबंदी. कामगार आपल्या सभेत हात वर करून ठरवतो आणि साचा सोडून बाहेर येतो, तो संप. दोन्हीत साचा मुकाच. दोन्हीत चूल थंडच. फाटकावरून जाणाऱ्या पांढरपेशाला फरक कळत नाही, त्याला नुसती गिरणी बंद दिसते. आपल्याला कळतो. कारण आपण पहिलं हेच विचारतो : थांबवलं कुणी?

साथीच्या दिवसांत सभा, जयंत्या, मेळावे, मोर्चे, गाड्या सगळं बंद करायचं की नाही, या प्रश्नाकडं मी या फाटकातूनच बघतो.

कोरोना आला नि गेला, आता कशाला उगाळायचं, असं कुणी म्हणेल. पण पुढची साथ येणारच आहे. आणि आपल्या पोरांचं अजून यावर ठरलेलं नाही. एक म्हणतो, "गर्दी रद्द करणं म्हणजे शेपूट घालणं. मनूला जमलं नाही ते विषाणूनं करून दाखवलं, आपल्याला पुन्हा आपापल्या खोपटात बसवलं." दुसरा म्हणतो, "आपण विज्ञान मानतो ना? मग डॉक्टर सांगेल तसं वागायचं. उगाच त्यात जात आणू नका." दोघंही चळवळीचे. दोघांचंही मला पुरतं पटत नाही.

पहिल्याचं दुखणं मात्र खरं आहे. गर्दी ही बाकीच्यांची हौस असेल, जत्रा असेल. आपली ती ढाल आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर एकटा-दुकटा गेला असता तर पाण्याला हात लागायच्या आधीच त्याचं टाळकं फुटलं असतं. हजारो गेले म्हणून पाणी ओंजळीत आलं. आणि परिषद संपून माणसं पांगली, तेव्हा महाडच्या गल्ल्यांतून त्यांना गाठून मारलं. हे ध्यानात ठेवा. जमलेल्यांना कुणी हात लावू शकलं नाही, पांगलेल्यांना मारलं. पुढं १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला लाखो जमले आणि माणूस होऊन उठले. त्याच वर्षी डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. आपला इतिहासच मुळी जमण्याचा इतिहास आहे. मग 'जमू नका' हे शब्द कानावर आले की आपले कान टवकारले जाणारच. ते टवकारलेच पाहिजेत.

शिवाय आपल्या सभा रद्द करणाऱ्यांचा अनुभव काही थोडाथोडका नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचलं आणि परिषदच गुंडाळली. तिथं कुठला प्लेग नव्हता की कॉलरा नव्हता. भीती होती ती भाषणाची. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं, 'जातिसंहार' म्हणून आपण वाचतो ते हेच. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. म्हणून म्हणतो, सभा रद्द म्हटलं की कारण विचारा. कारण तोंडी नको, कागदावर पाहिजे.

आता दुसऱ्या मित्राकडं येतो. जात आणू नका म्हणतोस, पण बाबा, जात आपण आणली का? मार्च २०२० ला शब्द आला 'सोशल डिस्टन्सिंग'. सामाजिक अंतर! या देशात हा शब्द उच्चारताना जीभ चाचरायला पाहिजे होती. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला फडा बांधला होता, त्यांना हे नवीन शिकवणार? जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच महिन्यात 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडं जुनाच शब्द चालू राहिला. जिभेला सवयीचा होता ना.

पण इथं जरा थांबा. रागाच्या भरात दोन अंतरांची सरमिसळ करू नका. मी यावर खूप विचार केलाय, पाळी सुटल्यावर, रात्री झोप येत नाही तेव्हा. जातीचं अंतर म्हणतं, 'तू घाण आहेस, लांब हो.' सवर्णाला कधी स्वप्नातही येत नाही की आपल्या सावलीनं समोरचा बाटेल. विटाळ एकाच दिशेनं वाहतो, वरून बघितलं तर नेहमी खालून येतो. रोगाचं अंतर असं नाही. ते म्हणतं, 'कदाचित मीच.' मला ताप नाही, खोकला नाही, मी धडधाकट आहे, तरी माझ्या श्वासात ते असेल आणि तुझी आई मरेल. म्हणून मी लांब उभा राहतो. इथं माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. ही गोष्ट या देशातल्या वरच्या जातींना कुणी शिकवलीच नाही. हजारो वर्षं दुसऱ्यालाच धुवायला सांगितलं.

म्हणून तर बघा, रोगाचं अंतर हातात पडल्याबरोबर त्यांनी त्याचं जातीचं अंतर करून टाकलं. पुण्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला सापडले, ते दुबईहून विमानानं आलेले. विमानानं आलेल्याला कुणी रस्त्यात बसवलं नाही. पण ३० मार्चला उत्तर प्रदेशात बरेलीला, चालत-धडपडत गावाकडं आलेल्या मजुरांना, बायापोरांसकट, रस्त्यावर उकिडवं बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारला. महाडच्या तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या होत्या, तोच हात. नुसतं औषध बदललं. दिल्लीच्या मरकजचं निमित्त करून गावोगाव मुसलमान भाजीवाल्यांना हाकललं. नंतर ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. तोवर भाजीवाल्याची गाडी सडली होती. आणि ज्या सफाई कामगारानं त्या सगळ्या दिवसांत तुमचा कचरा उचलला, त्याला अंतर ठेवायला कुणी सांगितलं? त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळीला पैसे पडत नाहीत.

तर मग रोगाचं अंतर, खरं असेल तेव्हा, पाळायचं की नाही? पाळायचं. आणि ते डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही, सरकारनं सांगितलं म्हणून तर नाहीच. ते आपल्याच धम्मात आहे. वर्षावास आठवा. आपण विहारात वर्षावासाची मालिका लावतो, ग्रंथ वाचतो, खीर खातो, पण तो सुरू का झाला हे किती जणांना ठाऊक आहे? पावसाळ्यात भिक्खू हिंडत, कोवळी हिरवळ तुडवत, पायाखाली बारीकसारीक जीव मरत. लोकांनी तक्रार केली. बुद्धांनी नियम केला : तीन महिने एका जागी राहा. प्रवास बंद. ज्यांचं आयुष्यच 'चालत राहा' या शब्दांवर उभं, त्यांना थांबायला सांगितलं. का, तर तुमच्या चालण्यानं जे मरतं ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून.

पण त्याच विनयात खिडकी ठेवलेली आहे. कुणी आजारी आहे, आई आजारी आहे, बाप आजारी आहे, तर भिक्खूनं बोलावणं नसलं तरी जावं, सात दिवसांत परत यावं. २५०० वर्षांपूर्वीच्या माणसाला एवढं सुचलं. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता देश बंद करणाऱ्यांना नाही सुचलं. मध्यरात्रीपासून सगळं बंद, हातात चार तास. प्रवास रद्द म्हणजे काय? ज्याला घर आहे त्याच्यासाठी घरी राहणं. ज्याचं घर बाराशे किलोमीटरवर आहे आणि खोली मालकाची आहे, त्याच्यासाठी रस्ता. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली मध्य प्रदेशची पोरं रुळावरून चालत निघाली. गाड्या बंद आहेत म्हणून रुळावरच झोपली. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडी त्यांच्यावरून गेली. सोळा जण. त्यांच्या भाकऱ्या रुळावर पसरलेल्या, तो फोटो तुम्ही पाहिलाय. माणसांच्या गाड्या बंद होत्या, मालाच्या चालू होत्या. मला यावर कविता लिहिता आलेली नाही.

म्हणजे टाळेबंदी आणि वर्षावास यांत फरक 'थांबण्या'चा नाही. वर्षावासात थांबणाऱ्याला लोक भिक्षा देतात, निवारा देतात. टाळेबंदीत थांबणाऱ्याला दांडका.

आता महाडचंच दुसरं पान उघडतो. मार्चच्या सत्याग्रहाचं सगळे सांगतात. डिसेंबरचं सांगताना मनुस्मृती दहनापाशी थांबतात. पुढचं अवघड आहे म्हणून. २५ डिसेंबर १९२७ ला परिषद भरली ती पुन्हा तळ्यावर जाण्यासाठीच. सनातन्यांनी त्याआधी कोर्टात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. कलेक्टर आला, सत्याग्रह करू नका म्हणाला. मंडपातली माणसं पेटलेली. तुरुंगात जायला तयार म्हणून हजारोंनी नावं दिलेली. बाबासाहेबांनी काय केलं? त्यांनी कलेक्टरलाही बोलू दिलं. सभेत बाजूनं नि विरोधात भाषणं होऊ दिली. आणि मग तहकुबीचा ठराव आपल्या माणसांपुढं ठेवला. गळी उतरवला म्हणा हवं तर, सोपं गेलं नसणार. ठराव झाला, सत्याग्रह तहकूब. पण माणसं मुकाट घरी गेली नाहीत. मिरवणूक काढून गावातून, तळ्याच्या कडेनं फिरून आली. दावा लढला गेला. मार्च १९३७ ला हायकोर्टात आपण जिंकलो.

तिथं कारण साथीचं नव्हतं, कायद्याचं आणि डावपेचाचं होतं, हे मला कळतं. मला त्यातून शब्द पाहिजे तो 'तहकूब'. तहकूब म्हणजे रद्द नव्हे. तहकूब करणारा सभेतच बसलेला असतो. त्याच्याकडं अजेंडा शिल्लक असतो. सभा पुन्हा कधी भरेल, कशावरून भरेल, हे तो सांगतो. बंदी करणारा यातलं काही सांगत नाही.

२०२० साली आपण जे केलं ते मला तहकुबीच्या जवळचं वाटतं. १४ एप्रिलला माणसांनी घरात फोटोपुढं मेणबत्ती लावली. काही मंडळांनी वर्गणीतून वस्तीत धान्य वाटलं. दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा स्मारक समितीनंच रद्द केला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुद्र येतो, तो आला नाही. पोलिसांच्या भीतीनं आला नाही असं म्हणणाऱ्यांनी आपला समुद्र कधी पाहिलेलाच नाही. वरून पाऊस, खालून चिखल, तरी तो येतो. त्या वर्षी तो स्वतः थांबला. वर्तमानपत्रात याची बातमी चार ओळींची. आपण गर्दी केली की पानभर लिहितात : घाण किती झाली, लोकल किती खोळंबल्या.

आणि पुढच्या वर्षी, १४ एप्रिल २०२१ ला? महाराष्ट्रात जयंती साधेपणानं करा असा हुकूम, रात्री आठपासून कडक निर्बंध. त्याच दिवशी हरिद्वारला कुंभाचं शाही स्नान, लाखो माणूस गंगेत. तारीख एकच. सरकारी कॅलेंडरवर दोन्हींना लाल रंग. पंतप्रधानांनी कुंभ आता प्रतीकात्मक ठेवा असं सांगितलं ते १७ तारखेला, मोठी स्नानं उरकल्यावर.

इथं आमचा पहिला मित्र उठून उभा राहतो. "बघ! ते न्हाले, मग आपण का नाही नाचायचं?" राग बरोबर, पण हिशेब चुकला. मी घरी थांबतो ते कुंभवाल्याशी बरोबरी करायला नाही. सरकारशी माझा तसा करारही नाही. माझा करार शेजारच्या खोलीतल्या दम्याच्या माणसाशी आहे. दहा बाय दहाच्या खोल्या, भिंतीला भिंत, नळ एक, संडास एक. साथ आपल्या वस्तीत शिरली की तिला अंतर ठेवायला जागाच नसते. कायदा खोटा वागला म्हणून माझा शेजारी कमी मरतो का? कुंभाचा हिशेब लिहून ठेवायचा, मागायचा, पण त्याची वसुली दम्याच्या माणसाकडून करायची नाही.

पण मग एक गाठ अशी आहे जी माझ्यानं पुरती सुटत नाही, ती तुमच्यापुढं ठेवतो. सप्टेंबर २०२० मध्ये, कामगार जमू शकत नव्हता त्या दिवसांत, संसदेत तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. विरोधी बाकं रिकामी होती. त्यात संपाची आगाऊ नोटीस सगळ्याच कारखान्यांना बंधनकारक झाली. शेतीचे तीन कायदेही त्याच महिन्यात. कामगार बहुतेक घरी राहिला. शेतकरी नोव्हेंबरात दिल्लीच्या वेशीवर जाऊन बसला, ऐन साथीत, वर्षभर. शेतीचे कायदे नोव्हेंबर २०२१ ला मागे घ्यावे लागले. कामगार संहिता राहिल्या, नोव्हेंबर २०२५ ला लागूही झाल्या. मग चुकलं कोण? थांबलेला की बसलेला?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर लिहा. थांबायचं तर दोघांनी. ज्याला माझी सभा तहकूब पाहिजे त्यानं आपला कायदाही तहकूब ठेवावा. साथीच्या नावानं माझे हात बांधायचे आणि तेवढ्यात माझ्या खिशात हात घालायचा, तर तो शेजाऱ्याशी केलेला करार राहत नाही, ती मालकाची टाळेबंदी होते. ती मोडण्याचा हक्क आपल्याला आहे. मोडतानाही उघड्यावर बसा, तोंड झाका, म्हाताऱ्यांना मागं ठेवा. पण मोडा. जयंतीची मिरवणूक आणि हक्काचा मोर्चा यांना मी एका तागडीत घालत नाही. बाबासाहेबांची जयंती पुढच्या वर्षीही येते. कायदा एकदा झाला की दहा-दहा वर्षं मानगुटीवर बसतो.

आणखी एक, याबद्दल आपल्यात कुणी बोलत नाही. तहकुबीचं बिल कोण भरतं? एप्रिल हा आपल्या गायन पार्ट्यांचा सुगीचा महिना. कव्वाल, ढोलकीवाला, कोरसवाली बाई, सगळ्यांचं वर्षाचं निम्मं धान्य त्यातून येतं. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे गाळे लावणारा प्रकाशक सहा डिसेंबरच्या भरवशावर कर्ज काढतो. निळे झेंडे शिवणारी बाई, मूर्तीवाला, कॅलेंडरवाला. हे सगळे आपलेच. आपण घरी मेणबत्ती लावून शहाणे झालो, तेव्हा यांच्या घरात काय शिजलं? आमच्या भागात एका मंडळानं वर्गणी तशीच ठेवली आणि निर्बंध उठल्यावर दुप्पट मोठा डीजे लावला. ज्या गायकानं त्यांच्या स्टेजवर दहा वर्षं गायलं तो तोवर हमाली करत होता. तहकुबीच्या ठरावातच हे कलम पाहिजे : ज्याची मजुरी आपल्या थांबण्यानं बुडाली त्याची निम्मी तरी आपण भरू.

आणि जवळ जाणाऱ्याचं काय? १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी साथीचा कायदा केला, तोच २०२० ला पुन्हा वापरला. त्या कायद्यानं पुण्यात सोल्जर घराघरात घुसवले. त्याच प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. त्यांनी सभा भरवली नाही. एक पोर उचललं. साथीत हजारांनी लांब राहायचं असतं ते अशा एकाला जवळ जाता यावं म्हणून. त्या एकाला आज हातमोजे, मास्क, विमा आणि बदली माणूस द्यायचा, की नुसता मेल्यावर हार घालायचा, हेसुद्धा सभेनंच ठरवायचं आहे.

न ऐकणाऱ्याचं काय करायचं, हे शेवटी राहतंच. आमच्या वस्तीत एक म्हातारी आहे. कितीतरी वर्षांत तिची सहा डिसेंबर चुकली नव्हती. २०२० ला आम्ही पोरं सांगायला गेलो तर म्हणाली, "मला कशाला मरणाचं भ्या घालता रं? मेले तर बाबासायबाच्या पायाशी मरंन." मी म्हटलं, "आजी, तू मरशील ते तुझं. येताना गाडीत तुझ्या शेजारी बसंल त्याचं काय?" तिनं बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाली, "माझ्या तिकिटाचं पैसं साठवल्यात. म्या फुकटी जात न्हाई." त्या पैशातून तिनं नातीला पुस्तक आणायला सांगितलं, आणि वर बजावलं की पुढच्या सालाचं तिकीट मी काढायचं. २०२१ लाही ओमायक्रॉनमुळं गर्दी करू नका म्हणून सांगणं आलं. मी पुन्हा गेलो. दारातच मला बघून तिनं दोन बोटं वर केली. "दोन तिकिटं झाली तुझ्याकडं."